आई असूनही अनाथ : नॉर्मा जीनचे बालपण

मेरिलिन मन्रो हे नाव उच्चारताच हॉलिवूडच्या पडद्यावरील एक लखलखते हास्य डोळ्यांपुढे उभे राहते. ही तारका छत्तीस वर्षे जगली आणि त्यांतील पहिली वीस वर्षे ती मेरिलिन नव्हतीच. ती नॉर्मा जीन होती. तिच्या स्टुडिओने पुढे तिची ओळख 'अनाथ मुलगी' अशी करून दिली. प्रत्यक्षात तिची आई हयात होती, कॅलिफोर्नियातच होती आणि मुलीच्या मृत्यूनंतरही बावीस वर्षे जगली. छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया या आजाराने त्या दोघींना १९३४ मध्ये वेगळे केले. त्यानंतर सोळाव्या वर्षी बोहल्यावर उभी राहीपर्यंत ही मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिली. मनोरुग्ण पालकापासून दुरावलेल्या आणि परक्या घरी वाढलेल्या असंख्य मुलांची कहाणी बहुधा कागदपत्रांच्या गठ्ठ्यातच राहते. नॉर्मा जीनची कहाणी मात्र चरित्रकारांनी तारीखवार शोधून काढली आहे.

'फॉस्टर केअर' या संकल्पनेला मराठीत अजून एकच सर्वमान्य शब्द रुळलेला नाही. कोणी 'प्रतिपालन' म्हणतात, कोणी 'पालक-संगोपन'. हे दत्तकविधान नव्हे. दत्तकात जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते संपते आणि नवे नाते सुरू होते. प्रतिपालनात मूल दुसऱ्याच्या घरी जेवते, झोपते, शाळेत जाते. पण जन्मदात्यांचा हक्क संपत नाही आणि प्रतिपालकांचा हक्क सुरू होत नाही. मूल परत जाईल, ही आशा या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. आई-वडिलांचा आजार महिन्या-दोन महिन्यांचा असेल, तर ही आशा रास्त ठरते. तो वर्षानुवर्षे चालणारा, मधूनच ओसरणारा आणि पुन्हा उसळणारा असेल, तर मुलाचे संपूर्ण बालपण त्या आशेवर टांगलेले राहते.

अमेरिकेत या व्यवस्थेची पाळेमुळे एकोणिसाव्या शतकात सापडतात. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील निराधार मुलांना आगगाडीत बसवून पश्चिमेकडील शेतकरी कुटुंबांत पाठवण्याचा उपक्रम चार्ल्स लोरिंग ब्रेस यांनी १८५४ मध्ये सुरू केला. काही मुलांना त्यात खरे घर मिळाले, तर काहींना केवळ फुकटचा गडी म्हणून राबावे लागले. १९०९ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये या प्रश्नावर परिषद बोलावली. केवळ दारिद्र्यापायी मुलाला घरापासून तोडू नये आणि तोडावेच लागले, तर अनाथाश्रमापेक्षा कुटुंब बरे, असा तिचा निष्कर्ष होता. निष्कर्ष उत्तम होता. मात्र आई वेडी ठरली तर काय करायचे, याचे उत्तर पुढील कित्येक दशके कोणापाशीच नव्हते.

हॉथॉर्नचे घर

नॉर्मा जीनचा जन्म १ जून १९२६ रोजी लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक रुग्णालयात झाला. आई ग्लॅडिस ही चित्रपटांच्या प्रयोगशाळेत निगेटिव्ह कापण्या-जोडण्याचे काम करीत असे. तिचे दोन विवाह मोडले होते. पहिल्या विवाहातील दोन्ही मुलांना त्यांचा बाप केंटकी राज्यात घेऊन गेला होता. नॉर्मा जीनचा पिता कोण, हे आईने कधी उघडपणे सांगितले नाही. ग्लॅडिसबरोबर काम करणारे चार्ल्स स्टॅन्ली गिफर्ड हेच तिचे वडील, हे २०२२ मध्ये डीएनए चाचणीतून निश्चित झाले. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर ज्यांना हवे होते, त्यांपैकी कोणीच हयात नव्हते.

एकट्या, नोकरदार आईला तान्हे मूल सांभाळणे अशक्य होते. काही दिवसांतच तिने मुलीला लॉस एंजेलिसजवळील हॉथॉर्न गावात आल्बर्ट व आयडा बोलेंडर या दांपत्याकडे ठेवले. आल्बर्ट टपाल वाटण्याचे काम करीत. पैसे घेऊन मुले सांभाळणारे हे कुटुंब धार्मिक आणि शिस्तीचे होते. ग्लॅडिस सुरुवातीला तेथेच राहिली. पुढे कामाच्या वेळा जमेनात म्हणून शहरात परतली आणि सुट्टीच्या दिवशी येऊ लागली. लहान मुलीच्या लेखी ती अधूनमधून येणारी एक पाहुणी होती. आयडाला 'आई' म्हणावे, तर 'मी तुझी आई नव्हे' असे उत्तर मिळे. हे उत्तर कठोर वाटते, पण ते खोटे नव्हते. बोलेंडर दांपत्याची तिला दत्तक घेण्याची तयारी होती. ग्लॅडिसने नकार दिला. याच घरात नॉर्मा जीनच्याच वयाचा लेस्टर नावाचा मुलगा होता. दोघांना लोक जुळे म्हणत. लेस्टरला पुढे बोलेंडरांनी दत्तक घेतले. एकाच पाळणाघरातील दोन मुले. एकाला आडनाव मिळाले, दुसरीला मिळाले नाही. फरक इतकाच होता, की दुसरीच्या आईला ती परत हवी होती.

पुढे प्रसिद्धीच्या काळात या घराचे वर्णन छळछावणीसारखे रंगवले गेले. चरित्रकारांच्या शोधात मात्र हे सात वर्षांचे वास्तव्य तिच्या बालपणातील सर्वांत स्थिर काळ ठरते.

पांढरा पियानो

१९३३ हे वर्ष ग्लॅडिसला जड गेले. मेमध्ये तिच्या आजोबांनी आत्महत्या केली. ऑगस्टमध्ये केंटकीत तिचा मुलगा वारला. मंदीचे दिवस होते, नोकरीची शाश्वती नव्हती. तरीही याच वर्षी तिने कर्ज काढून हॉलिवूडमध्ये लहानसे घर घेतले आणि सात वर्षांच्या मुलीला तेथे आणले. हप्ते फेडता यावेत म्हणून घराचा बराचसा भाग अॅटकिन्सन नावाच्या इंग्रज नट कुटुंबाला भाड्याने दिला. दिवाणखान्यात एक जुना पांढरा पियानो आला. मायलेकींचे हे घर जेमतेम काही महिने टिकले.

जानेवारी १९३४ मध्ये ग्लॅडिसचे मानसिक संतुलन ढासळले. निदान झाले, संशयविकाराने ग्रासलेल्या छिन्नमनस्कतेचे. काही महिने विश्रामगृहात काढल्यावर तिची रवानगी नॉरवॉकच्या सरकारी मनोरुग्णालयात झाली. त्या काळी या आजारावर औषध नव्हते. क्लोरप्रोमाझीन हे पहिले परिणामकारक औषध १९५० च्या दशकात आले. तोपर्यंत मनोरुग्णालय म्हणजे भिंतीआड ठेवण्याची जागा होती आणि आत गेलेला माणूस केव्हा बाहेर येईल, हे डॉक्टरांनाही सांगता येत नसे. घर विकले गेले, पियानोही गेला. तारका झाल्यावर मेरिलिनने तो पियानो शोधून परत विकत घेतला आणि अखेरपर्यंत जपला. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गायिका मराया कॅरी हिने तो ६ लाख ६२ हजार ५०० डॉलरना घेतला.

आईबरोबर मुलीला आणखी एक वारसा मिळाला, तो भीतीचा. ग्लॅडिसचे वडील ओटिस १९०९ मध्ये मनोरुग्णालयात वारले होते, आई डेला १९२७ मध्ये त्याच नॉरवॉकमध्ये. घराण्यातच वेड आहे, असे ग्लॅडिसला वाटे आणि पुढे मेरिलिनलाही आयुष्यभर वाटत राहिले. वस्तुतः ओटिस यांचा मृत्यू उपदंशाचा संसर्ग मेंदूत पसरल्यामुळे झाला होता. त्याचा आनुवंशिकतेशी काही संबंध नव्हता. ही गोष्ट चरित्रकारांनी वैद्यकीय नोंदींतून पुढे आणली, तोवर फार उशीर झाला होता. त्या काळच्या कॅलिफोर्नियात ही भीती केवळ घरगुती नव्हती. मनोरुग्णालयातील रुग्णांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा तेथे १९०९ पासून होता. तो १९७९ मध्ये रद्द झाला, तोपर्यंत सुमारे २० हजार माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली होती. आजचे विज्ञान अधिक संयमाने बोलते. आई किंवा वडिलांपैकी एकाला छिन्नमनस्कता असेल, तर मुलाला ती होण्याची शक्यता सर्वसाधारण एक टक्क्यावरून दहा टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजेच अशा दहांपैकी नऊ मुलांना हा आजार होत नाही. हे वाक्य लहान वयातच कोणीतरी सांगणे, ही अशा मुलांची मोठी गरज असते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाने मराठी प्रेक्षकाला या आजाराचे माणूसपण दाखवले. पण अशा घरातील लहान मुलांविषयी आपल्याकडे अजूनही फारसे बोलले जात नाही.

फिरते घर

आता नॉर्मा जीन शासनाच्या ताब्यातील मूल झाली. तिची जबाबदारी आईची मैत्रीण ग्रेस मॅकी हिने घेतली. सुमारे सोळा महिने मुलगी अॅटकिन्सन कुटुंबाबरोबरच राहिली. मुळात लाजाळू असलेली ही मुलगी याच सुमारास बोलताना अडखळू लागली. या काळात तिला लैंगिक त्रास झाला असावा, असे चरित्रकार मानतात. १९३५ च्या उन्हाळ्यात ग्रेसकडे आणि आणखी दोन कुटुंबांत थोडे थोडे दिवस काढल्यावर सप्टेंबरमध्ये तिला लॉस एंजेलिसच्या अनाथाश्रमात दाखल करण्यात आले. १८८० मध्ये स्थापन झालेली ही संस्था पुढे 'हॉलिग्रोव्ह' नावाने ओळखली गेली. योगायोग असा, की निराधार मुलांच्या घरांना रोख मदत देणारा अमेरिकेचा सामाजिक सुरक्षा कायदा त्याच्या एकच महिना आधी, १४ ऑगस्ट १९३५ रोजी, संमत झाला होता. पण त्यातील मदत मुलाला सांभाळणाऱ्या आईसाठी किंवा जवळच्या नातलगांसाठी होती. ज्या घरात सांभाळणारे कोणी उरलेच नाही, तेथे तिचा उपयोग नव्हता.

हा आश्रम वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. तेथे राहिलेल्या इतर मुलांनी त्याच्याविषयी चांगलेच लिहिले-बोलले आहे. अन्न, शाळा, खेळ, नाताळच्या भेटी, सारे काही होते. खिडकीतून एका फिल्म स्टुडिओची पाण्याची टाकी दिसे; आईने कधीकाळी तेथे काम केले होते. नॉर्मा जीनचे दुःख वेगळे होते. 'मी अनाथ नाही, माझी आई आहे,' हा तिचा दावा खरा होता आणि निरुपयोगीही होता. खऱ्या अनाथाला निदान आपण कोणाचे नाही हे ठाऊक असते. मनोरुग्ण आईच्या मुलाला तेही ठाऊक नसते. आई आज येईल, बरी होऊन येईल, कदाचित ओळखणार नाही, अशा तीन शक्यता मनात घेऊन ते वाढते.

आश्रमाच्या कर्मचाऱ्यांनीच ग्रेसला सुचवले, की ही मुलगी कुटुंबात अधिक फुलेल. १९३६ मध्ये ग्रेस तिची कायदेशीर पालक झाली. प्रत्यक्ष घरी नेले १९३७ च्या उन्हाळ्यात. तेथेही ती काही महिनेच टिकली. ग्रेसच्या पतीने तिच्याशी गैरवर्तन केल्याचे चरित्रांत नमूद आहे. मग नातेवाईक, ग्रेसच्या मैत्रिणी, मैत्रिणींचे नातेवाईक अशी वणवण झाली. मेरिलिनने स्वतः पुढे सांगितलेली घरांची संख्या दर मुलाखतीत बदलत गेली. तिच्या नावावरचे आत्मकथन पटकथालेखक बेन हेक्ट यांच्या मदतीने १९५४ मध्ये लिहिले गेले आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यावरही पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. अर्थात, इतकी घरे बदललेल्या मुलाकडून अचूक हिशेबाची अपेक्षा करणे हाच थोडा अन्याय आहे. कोणते 'घर' मोजायचे आणि कोणते नाही, हे तिला तरी कोणी सांगितले होते?

सप्टेंबर १९३८ मध्ये ती ग्रेसची मावशी अॅना लोअर हिच्याकडे आली आणि प्रथमच स्थिरावली. अॅना वयस्कर होती, प्रार्थनेने रोग बरे होतात असे मानणाऱ्या 'ख्रिश्चन सायन्स' पंथाची होती आणि मुलीवर विनाअट माया करणारी होती. प्रौढ मेरिलिनने ज्या एका व्यक्तीविषयी कधीही कडवट शब्द काढला नाही, ती ही. त्याच सुमारास तिला आणखी एक शोध लागला: केंटकीला नेलेली सावत्र बहीण बर्नीस जिवंत होती. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि १९४४ मध्ये भेट झाली. हे नाते अखेरपर्यंत टिकले. भावंडांची ताटातूट हा प्रतिपालन व्यवस्थेचा जुना दोष आहे. येथे तो योगायोगाने थोडा भरून निघाला.

अॅनाची प्रकृती ढासळल्यावर मुलगी पुन्हा ग्रेसकडे गेली. १९४२ मध्ये ग्रेसच्या पतीची बदली वेस्ट व्हर्जिनियात झाली. शासनाच्या ताब्यातील मुलाला राज्याबाहेर नेण्यास कायद्याची आडकाठी होती. पुन्हा अनाथाश्रम किंवा लग्न, असे दोनच पर्याय उरले. सोळा वर्षे पूर्ण होताच, १९ जून १९४२ रोजी, शेजारच्या एकवीस वर्षांच्या जेम्स डॉहर्टीशी तिचे लग्न लावून देण्यात आले. तिने शाळा सोडली. व्यवस्थेच्या नोंदीत प्रकरण समाधानकारकरीत्या मिटले होते.

आई परत येते

इतकी वर्षे ज्या भेटीची वाट पाहिली, ती १९४५ च्या अखेरीस ओरेगनमधील पोर्टलंड येथे एका हॉटेलच्या खोलीत झाली. ग्लॅडिस रुग्णालयातून बाहेर आली होती. भेट थंड झाली. १९४६ मध्ये मायलेकी काही काळ एकत्र राहिल्या. पण जमले नाही. ग्लॅडिसचा ओढा ख्रिश्चन सायन्सकडे होता, औषधोपचारांवर तिचा भरवसा नव्हता, परिचारिकेचा पांढरा गणवेश घालून वावरणे तिला आवडे. मुलगी आता वीस वर्षांची होती, तिचे नाव बदलत होते आणि आईला तिच्या चित्रपटांत स्वारस्य नव्हते. वियोग संपला की नाते आपोआप पूर्ववत होते, हा समज किती भाबडा आहे, ते या भेटीवरून कळते. पूर्ववत व्हायला पूर्वी काही असावे लागते.

मे १९५२ मध्ये हॉलिवूडचे स्तंभलेखक अर्स्किन जॉन्सन यांनी 'अनाथ' तारकेची आई जिवंत असल्याची बातमी फोडली. मेरिलिनला खुलासा करावा लागला. पुढच्याच वर्षी तिने आईला ग्लेंडेलजवळील 'रॉकहेवन' या खासगी उपचारगृहात ठेवले आणि तिचा खर्च उचलला. अॅग्नेस रिचर्ड्स या परिचारिकेने १९२३ मध्ये खास स्त्रियांसाठी काढलेली ही संस्था सरकारी मनोरुग्णालयांच्या तुलनेत फारच माणुसकीची होती. आईला भेटायला जाणे मेरिलिनला जमत नसे. खर्चाला मात्र तिने कधी नाही म्हटले नाही. याला कर्तव्य म्हणावे की अपराधीपणा, याचा निवाडा बाहेरच्या माणसाने न केलेला बरा.

फेब्रुवारी १९६१ मध्ये आयुष्यभराची भीती खरी झाली. तिच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मरिआन क्रिस यांनी तिला न्यूयॉर्कच्या पेन व्हिटनी या मनोरुग्णालयात दाखल केले. विश्रांतीसाठी जात आहोत अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात तिला कुलूपबंद कक्षात ठेवले गेले. आधीचा पती जो डिमॅजिओ याने काही दिवसांत तिला तेथून बाहेर काढले. ४ ऑगस्ट १९६२ च्या रात्री झोपेच्या गोळ्यांच्या अतिमात्रेने तिचा मृत्यू झाला.

कायदा कोठे पोहोचला?

नॉर्मा जीनच्या काळानंतर या विषयावर पुष्कळ अभ्यास झाला. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, लहान मुलाला एका कायम माणसाची गरज अन्नाइतकीच असते, हे ठासून मांडले. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० मध्ये सुरू झालेल्या संशोधनात १३६ मुलांचा अभ्यास झाला; अनाथाश्रमातून चांगल्या प्रतिपालक कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी व भावविश्व आश्रमात राहिलेल्यांपेक्षा अधिक सावरले आणि जितक्या लहान वयात कुटुंब मिळाले तितका फायदा मोठा ठरला.

अमेरिकेच्या १९८० च्या कायद्याने मूल घरातून काढण्यापूर्वी कुटुंब सावरण्याचे वाजवी प्रयत्न बंधनकारक केले. १९९७ च्या कायद्याने काटा उलट फिरवला: बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने मूल प्रतिपालनात असेल, तर सामान्यतः पालकांचे हक्क संपवण्याची कारवाई सुरू करायची. लेस्टरसारख्या मुलांना याचा लाभ झाला असता. ग्लॅडिससारख्या आईला मात्र हे घड्याळ निर्दय आहे. मानसिक आजारातून सावरण्यास पंधरा महिने अनेकदा पुरत नाहीत. २००८ च्या कायद्याने राज्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देण्यासाठी केंद्राचा निधी मिळण्याची तरतूद केली, म्हणजे सोळाव्या वर्षी लग्न हा एकमेव मार्ग उरला नाही. सप्टेंबर २०२३ अखेर त्या देशात सुमारे ३ लाख ४३ हजार मुले प्रतिपालनात होती.

आपल्याकडे असे मूल परंपरेने आजोळी किंवा काकांकडे जाते आणि त्याची नोंद कोठेच होत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये मुलाचा सांभाळ करण्यास पालक असमर्थ आहेत असे बालकल्याण समितीला आढळल्यास त्याला संरक्षण देण्याची आणि कलम ४४ नुसार प्रतिपालक कुटुंबात ठेवण्याची तरतूद आहे. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्याची वाट खुली केली. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेतील दरमहा अनुदान २०२३ मध्ये ११०० वरून २२५० रुपयांवर गेले. सर्वांत लक्षणीय तरतूद मात्र मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१ मध्ये आहे. उपचारासाठी दाखल झालेल्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सहसा तिच्यापासून तोडू नये. धोका असल्यास तोडता येईल, पण त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा आणि तीस दिवसांहून अधिक वियोगाला प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी, असे ते सांगते. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालयांत त्यासाठी माय-लेकरांची वेगळी सोय लागेल. ती नसेल तर हे कलम कागदावरच राहील.

मेरिलिनने जानेवारी १९६१ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात आईसाठी वर्षाला पाच हजार डॉलरची तरतूद होती आणि बहिणीसाठी दहा हजार डॉलर. उरलेल्या मालमत्तेचा चौथा हिस्सा डॉ. क्रिस यांच्या पसंतीच्या मानसोपचार संस्थेला जायचा होता. त्यांच्या इच्छेनुसार तो लंडनमध्ये अॅना फ्रॉइड यांनी उभारलेल्या बालमानसोपचार केंद्राला मिळाला. ग्लॅडिस १९६३ मध्ये रॉकहेवनमधून निघून गेली होती आणि नंतर एका चर्चमध्ये सापडली. १९६७ मध्ये तिने ते उपचारगृह कायमचे सोडले व ती फ्लोरिडात थोरल्या मुलीजवळ राहू लागली. ११ मार्च १९८४ रोजी तेथेच तिचे निधन झाले.